आईला चढता येईल अशी गाडी

दादा,

परदेशी जाताना तू माझ्या हवाली केलेली मोठी गाडी मी विकली. फोनवर सांगायला कितीदा तोंड उघडलं, पण तूच आधी विचारतोस, "चेनला तेल घालतेस ना? इंजिन थंड असताना रेस देऊ नकोस." आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, ती कशी आहे, हे मलाच मध्ये घुसडावं लागतं. हे पत्र पाठवलं, तर गाडी कुणाला दिली तेवढंच विचारशील. म्हणून पाठवणारही नाही.

तिची मागची सीट तळहाताएवढी, आणि उंच किती! आईला बसवायला स्टूल आणि शेजारचे काका, दोन्ही लागायचे. एकदा ती स्टुलावरून घसरली. लागलं नाही, पण घरी आल्यावर म्हणाली, "मला आता कुठे नेऊ नकोस गं." त्याच आठवड्यात मी छोटी गाडी घेतली.

मोठी गाडी मलाही जिवापाड आवडायची. ही छोटी चढावर धापा टाकते, मागचे हॉर्न वाजवतात, आणि मी हेल्मेटच्या आत तुला शिव्या घालते.

पण आई आपली आपण बसते. काल दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला विचारलं, "आज चेहरा खुललाय. कशावरून आलात?"

आई ऐटीत म्हणाली, "मुलाने नवी गाडी घेऊन दिलीय ना, तिच्यावरून."

मी हेल्मेट हातात धरून तिच्या शेजारीच उभी होते.

तुझी बहीण,
जिने ती गाडी घेतली