निशिगंध घरी आणला तेव्हा

बुधवार, संध्याकाळ

उद्या बुलढाण्याला माझ्या बायकोचं, शांताचं ऑपरेशन. छातीतली गाठ काढणार आहेत. सकाळपासून मला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडच उघडेना. शेवटी धाड गावच्या बाजारातून निशिगंध घेतला. निशिगंधच का घेतला? गुलाब घ्यायला हवा होता.

आमच्याकडे फुलं बुद्धमूर्तीपुढे वाहतात, नाहीतर मयतावर. आईनं बाबांना फुलं दिली ती ते गेल्यावरच. जित्या माणसाला द्यायची रीत आमच्यात पडलीच नाही.

शांतानं पिशवीत डोकावलं आणि तिचा चेहरा उतरला.

"कोन गेलं हो?"

"कोनी नाही. तुह्यासाठी आनले."

"मह्यासाठी? काऊन? डाक्टर काही बोलले काय तुमाले? खरं सांगा."

काय करून बसलो मी! निशिगंध तसाच पिशवीत.

"डाक्टर काही नाही बोलले. मलेच भेव वाटून राह्यलं, शांता."

इतके दिवस सगळ्यांना तीच धीर देत होती, मला वाटायचं हिला भीतीच नाही.

"मलेबी," ती म्हणाली, आणि गाठ सापडल्यापासून पहिल्यांदाच रडली.