फेलिसितास आता मागे बसते

सोमवार, ३ फेब्रुवारी

आणि वर मलाच विचारते — तोंड का पाडलंय म्हणून! मी तोंड पाडेन नाहीतर टपावर चढून नाचेन, गाडी नीट चालवतोय ना? टेमाच्या कारखान्यापासून अक्राच्या ऑफिसपर्यंत एक खड्डा लागू दिला नाही.

इतकी वर्षं मॅडमची सेक्रेटरी फेलिसितास पुढे बसायची, माझ्या शेजारी. मॅडमचे दोन फोन मांडीवर, माझा वाक्येचा, चवळी-भाताचा डबा पायाशी. डब्यातली अंडी हमखास तिच्या पोटात जायची. आज तिने मागचं दार उघडलं आणि सरळ क्वान्साह मॅडमच्या शेजारी जाऊन बसली. मॅडम म्हणाल्या, "आजपासून ही मागे. आम्हाला बोलायचं असतं."

म्हणजे पुढे बसून बोलता येत नाही? इतके दिवस काय खुणा करत होत्या?

सिग्नलला पाण्याच्या पिशव्या विकणारी बाई काचेत डोकावली. "काय ड्रायव्हर, आज दोन-दोन मॅडम?"

पाणी घेतलं नाही तिच्याकडून.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कळलं कारण. मॅडम तिला भागीदार करतायत. भागीदार! शिआच्या बियांपासून काढलेल्या लोण्याच्या अख्ख्या धंद्यात हिस्सा. सगळ्यांना गोळा करून सांगितलं. हिस्सा फुकट नाही म्हणाल्या, तिनेही पैसे घालायचे. आणि बँकेने हो म्हणायला हवं, कारण पुढच्या कर्जावर तिचीही सही येणार.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. हात चिकटल्यासारखे झाले होते.

करते काय ती? फोन घेते, तारखा लिहिते, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत" म्हणते. आम्ही दोघं एकाच महिन्यात लागलो इथे. मॅडमच्या लेकीच्या लग्नात कोण धावत होतं? मॅडमना ताप चढला तेव्हा दवाखान्यात कोणी नेलं? मला कोणी विचारलं का — अकोल्बिरे, तुझं काय?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मी बोल्गाचा फ्राफ्रा, ती जिरापाची डगार्टी, दोन्ही घानाच्या उत्तरेकडच्या जमाती. आमच्यात शिवी हाच नमस्कार. खापरपणजोबा कधी काळी कुत्र्याच्या मुंडक्याच्या वाटणीवरून भांडले, ते भांडण अजून चालू आहे. काहीही बोला, रागवायचं नाही. रागावला तो हरला.

आज जिन्यात भेटली. म्हटलं, "काय गं चोरांच्या राणी, मुंडकं एकटीनेच हाणलंस?"

"तुला शेपूट ठेवलंय की! जा, चाटत बस."

वॉचमन खो-खो हसला. मीही हसलो. पण आज मला ते खरंच म्हणायचं होतं. तिला पत्ताही नाही. बरं वाटलं!

रविवार, ९ फेब्रुवारी

दिवसभर पडून होतो. डोक्यात तीच. प्रेमबीम नव्हे!! जळतो तिच्यावर, बस.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बँकेच्या ओलाडेले साहेबांना आणायला मला पाठवलं. नायजेरियातल्या लागोसहून नुकतेच बदलून आलेत. पुढे बसले, माझ्या शेजारी. ए.सी. वाढव म्हणाले. मग सहज विचारलं, "ही फेलिसितासबाई कशी आहे? तू तर रोज बघतोस."

मला विचारलं! एवढा सूटबूटवाला माणूस, आणि माझं मत विचारतोय! छाती अशी फुगली की पट्टा काचला.

म्हटलं, "डगार्टी आहे, साहेब. तिच्या हातावर लक्ष ठेवा. गावाकडच्या बायकांकडून माल येतो ना, दर पोत्यात तिचा मूठभर वाटा असतो."

आणि हसलो. आमच्याकडे सगळे असंच हसतात.

साहेब हसले नाहीत. "हं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. साहेब, हा आमचा खेळ असतो — एवढंच म्हणायचं होतं. पण समोर ट्रोट्रोची मिनीबस आडवी आली, तिला हॉर्न मारत बसलो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बँकेने काम अडवलं. तक्रार आहे म्हणे, फेलिसितासबद्दल. ती सकाळपासून गावोगावच्या बायकांना फोन लावतेय. बँकेने विचारलं तर खरं काय ते सांगा, म्हणून. घसा बसलाय तिचा.

संध्याकाळी मॅडम मागे एकट्याच. बोलायला लागल्या — माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे.

"लोकांना वाटतं ही माझे फोन घेते. अरे, त्या वर्षी परदेशी गिऱ्हाइकाने भाव पाडला, मी घाबरून सगळा माल देऊन टाकायला निघाले होते. हिने दोन दिवस त्याचा फोन मला दिलाच नाही! मी तिला काय काय बोलले. तिसऱ्या दिवशी तोच वाढवून द्यायला तयार. कुठला निर्णय आज घ्यायचा आणि कुठला झोपू द्यायचा, हे ती बघते. मी सह्या करते."

मग म्हणाल्या, "बँकेने नाही म्हटलं तर ती इथे राहणार नाही. अपमान गिळणारी नाही ती."

मी गिअर बदलला. ती जावी असं नव्हतं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण जळणंही होतंच. माझ्याबद्दल मागच्या सीटवर असं कोण बोलेल?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आईचा फोन. तिला सांगितलं सगळं, जरा मऊ करून.

"ती होती का तिथे, तू बोललास तेव्हा?"

"नव्हती."

"मग तो खेळ कसला रे? खेळात ती उलटून मारते. पाठीमागे बोललास, ती चहाडी. डगार्टीशी चहाडी! तुझ्या बापाने जन्मात कोणा डगार्टीला चिडू दिलं नाही."

मग विचारलं, जेवलास का. नव्हतो जेवलो. हो म्हटलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी तिच्यासाठी मागचं दार धरलं आणि सांगून टाकलं. मी बोललो होतो म्हटलं. ओलाडेले साहेबांना. मीच.

ती आत बसली. सीटवर स्कर्ट नीट केला. म्हणाली, "मला काय सांगता? बँकेत सांगा."

सांगता! सांगा!

बँकेत गोल टेबल. मॅडम, ती, साहेब. माझ्यासाठी शिपायाने खुर्ची ओढली. जन्मात पहिल्यांदा अशा टेबलाशी बसलो — मी खोटं बोललो, हे सांगायला. घाम पाठीवरून थेट खुर्चीत.

साहेब म्हणाले, "खेळ? चोर म्हणणं हा खेळ?"

तीच बोलली, बसलेल्या घशाने. "खेळ आहे साहेब, खरंच आहे. उत्तरेत कोणालाही विचारा. फक्त यांनी तो मी नसताना खेळला."

यांनी.

साहेबांनी मान हलवली. गावोगावच्या बायकांना त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं, एकीनेही वावगं सांगितलं नव्हतं. काम पुढे जाईल म्हणाले. परतल्यावर उतरताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "गाडी धू."

बुधवार, १९ फेब्रुवारी

"गुड मॉर्निंग, मिस्टर अकोल्बिरे. जरा गाडी काढता का?"

किती गोड आवाजात! थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. मी शिवी तोंडात तयार ठेवली होती, ती तशीच गिळली. वॉचमन विचारतो, "काय रे, आज दंगा नाही?"

सोमवार, २४ फेब्रुवारी

बँक हो म्हणाली. पण तिच्याच हिश्श्याला चार हजार सेडी कमी पडतात! वा नावाच्या शहरातला तिचा भाऊ देणार होता, त्याने छपराला पत्रे घातले आणि हात वर केले. मागच्या सीटवरून फोनवर भांडत होती त्याच्याशी. मॅडमकडे उसने मागावेत तर मॅडम म्हणतात, "माझेच घेऊन माझ्यातच घालणार? मग भागीदार कसली?" शुक्रवारची मुदत.

आता खूश व्हायला हवं ना मी? मनासारखं झालं ना?

आरशात बघितलं. डोळे मिटून बसली होती. खूश होता येईना.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

जिन्यात वाट अडवली तिची. समोरासमोर. वॉचमनच्या देखत.

"ए चोरांच्या राणी, माझा तुझ्यावर काडीचा विश्वास नाही. म्हणून तुझ्या हिश्श्यात पैसे घालतोय. नजर ठेवायला."

मला वाटलं, आता मिस्टर म्हणणार.

"एवढे पैसे? कुणाच्या गिनी कोंबड्या चोरल्यास रे, फ्राफ्रा?"

रे!

गावी जाऊन मोटरकिंग घ्यायची होती, तीन चाकांची, त्यासाठी साठवले होते. राहू दे. आता तिच्या खुर्चीचा एक पाय माझा. ती पडली तर मीही पडलो! कामावरून सुटल्या सुटल्या मोबाइलवरून, मोमोने पाठवतोय — ४,००० सेडी.