निकालपत्रात नसलेले

१० जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आपण तुरुंगातून सुटून सहा वर्षे झाली. इतक्या काळात एक ओळही न लिहिणाऱ्या भाचीने आज पत्र लिहिण्याचे धाडस करावे, याबद्दल आधी क्षमा मागते. पत्राचे कारण माझीच चूक आहे.

मुलींच्या सुधारगृहात मी रविवारी वाचनवर्ग घेते. हिंसेची किळस यावी, म्हणून मी आपल्या खटल्याचे निकालपत्र नाव गाळून वाचून दाखवले. मुकादमिणीच्या तोंडावर तापलेली इस्त्री दाबल्याचे वाक्य आले आणि मुलींनी बाके बडवली. किळस राहिली दूर, त्यांना आपण आवडलात. बुधवारी शिवणखोलीत ‘ठिणगी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलीने तशीच इस्त्री दुसरीच्या डाव्या गालावर दाबली. जळल्या मांसाचा वास माझ्या ओढणीतून जात नाही.

भाजलेली मुलगी शनिवारी इस्पितळातून परतेल. ठिणगीचा डोळा काढण्याची शपथ तिने घेतली आहे. मैत्रिणींनी कात्र्या लपवल्या आहेत. त्या माझे ऐकत नाहीत. आपण याल का?

रागावलात तरी विसरू नये, ही विनंती.
आपली भाची

१३ जून

चि. पुस्तकी किड्यास,
अनेक आशीर्वाद.

पहिले नंबर काढता काढता अक्कल कुठे सांडलीस गं? आणि आपण-बिपण कसलं? मावशीला तू म्हणतात.

निकालात नाही ते ऐक. इस्त्री टेकवली, पण मला उचलता येईना; हात आखडला होता. उचलली तेव्हा कातडी चिकटून आली. आणि ती बाई मलाच कवटाळून पाणी मागत होती. वकिलाने हे सांगू दिलं नाही. तुझ्या पोरींना मी सांगेन.

शनिवारी येते. भाषण नाही, लाँड्रीत करते तेच काम शिकवीन. दोघींना माझ्या दोन्ही बाजूंना उभं कर. तुझ्या आईला कळवू नकोस, रडत बसेल.

वेळेवर जेवत जा. माया आहेच.
तुझी मावशी

१८ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

इस्पितळात पत्र पाठवते आहे. हाताला टाके असताना उत्तराचा हट्ट नाही.

तू पाण्याचे सांगत असतानाच भाजलेल्या मुलीची कात्री निघाली. ठिणगीच्या डोळ्यासाठी निघालेली ती तुझ्या तळहातातून आरपार गेली. आता तू तिला मारणार, असे साऱ्यांना वाटले. तू मात्र, कॉलर कशी दाबावी हे सांगावे त्याच सुरात, तिला म्हणालीस की ओढू नकोस बाळ, ओढलीस तर रक्त थांबणार नाही. तिची बोटे मिटलेलीच राहिली. ती आम्ही एकेक करून सोडवली. तुला नेल्यावर उरलेल्या कात्र्या आपसूक माझ्या टेबलावर आल्या.

समेट झाला, असे मात्र लिहिणार नाही. काल ठिणगीने विचारले की भाजलेल्या मुलीला आता कुठल्या कुशीवर झोपता येते. मी म्हटले, उजव्या. तिने आपली उशी तिच्या खाटेवर ठेवली. भाजलेल्या मुलीने ती खिडकीबाहेर भिरकावली. ठिणगीने अंगणातून आणली, झटकली, पुन्हा ठेवली. पुन्हा भिरकावली. मी निघाले तेव्हा ठिणगी तिसऱ्यांदा जिना उतरत होती.

लोभ वाढवशील, एवढे मागते.
तुझी भाची

(सोमवार, १८ जून, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पाठवले.)