तीन बाणांची पाकिटं

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझ्या बायकोची कंबर आणि तुझ्या डोक्यावरचं उरलंसुरलं पीक, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालते. मी ठणठणीत. (गुडघा सोडून. त्याचं शेवटी सांगते.)

आधी उपकार मानते, मग भांडते. तुझे भाऊजी गेल्यापासून दीड वर्षात तू पार्सलाचा एक महिना चुकवला नाहीस. गुडघ्याचा पट्टा, शेकायची पिशवी, मऊ चपला, परत गुडघ्याचा पट्टा. सगळं तुमच्याच कारखान्याच्या पाकिटात: बाहेरून कागद, आतून प्लॅस्टिकचे फुगे, आणि पाठीवर एकमेकांच्या शेपटीमागे पळणारे तीन हिरवे बाण. तू फोनवर बजावलंस, "ताई, पाकीट कचऱ्यात टाकू नकोस हं. ते बाण मी स्वतः छापतो. त्याचं पुन्हा नवीन होतं." भाऊ म्हणाला म्हणजे माझ्यासाठी दगडावरची रेघ. मी इमारतीचे चारी मजले चढले आणि दारोदार सांगितलं, बाणवाली पाकिटं माझ्याकडे द्या, माझ्या भावाचा शब्द आहे. लोकांनी दिली की! कपाट भरलं, खाटेखालचं भरलं, शेवटी ह्यांच्या खुर्चीवर पाकिटं बसली. (तीही ह्यांच्यासारखीच गप्प. खुर्चीला फरक कळला नसेल.)

मग घरातले पुठ्ठे आणि पाकिटांचं एक पोतं रद्दीवाल्याकडे नेलं. त्यानं पुठ्ठे ठेवून घेतले. पाकिटाचा एक फुगा फट्‌कन फोडला आणि पाकीट माझ्या हातात परत दिलं. "आजी, कागद म्हणावा तर आत प्लॅस्टिक, प्लॅस्टिक म्हणावं तर वर कागद. घेणार कोण?" मी बाण दाखवले. म्हणतो, बाण आहेत, पण ते जातात कुठं ते नाही लिहिलेलं!

मी काय सोडते? पोतं उचललं आणि कचरा निवडायच्या शेडवर गेले. तिथली मुकादमीणबाई माझ्याच वयाची, हातात रबरी मोजे, जीभ माझ्याहून लांब. (आहे अशी एक. मान्य करते.) तिनं सांगितलं, कागद आणि फुगे वेगळे करायचं यंत्र जिथं असेल तिथं ह्याचं नवीन होतं, आपल्याकडे ते नाही, इथून हे थेट खड्ड्यात. वर मलाच विचारते, "मुलगी लग्नाची आहे म्हटलं की लग्न झालं का? स्थळ नको?" धाकट्या, तुझ्या पाकिटांना आमच्या गावात स्थळ नाही रे!

आता चार मजल्यांना तोंड कसं दाखवू? तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई तर पाकिटं पुसून द्यायच्या. माझा उतरलेला चेहरा बघून मुकादमीणबाईच म्हणाली, थोडं भिजवून बघ, गोंद सुटला तर निदान कागद मी घेते. देव तिचं भलं करो. घरी येऊन बादलीत पाकिटं घातली आणि मजल्या-मजल्यावर जाऊन खरं ते सांगून टाकलं, की भावाचा शब्द अर्धाच निघाला, उरलेला अर्धा सोलायचाय. मला वाटलं, दारं लावतील. तर बायका आपापल्या बादल्या घेऊन आल्या! आठ दिवस माझ्या घरात सोलणं चाललंय, दोरीवर धुण्याऐवजी कागद वाळतोय. ह्यांच्या खुर्चीवर आता मास्तरीणबाई बसतात. (गप्प नाही.) इतकी माणसं ह्या घरात दीड वर्षात आली नव्हती. आणि ही तुझ्या खोट्या बाणांची कृपा, म्हणून तुला शिव्याही धड देता येईनात.

तुझी,
ताई

ता. क. कागद गेला, फुगे उरले. त्यांचं पोतं तुझ्या पत्त्यावर निघालंय. तुमच्या साहेबांच्या टेबलावर ठेव आणि विचार, बाणांखाली "आधी आपल्या गावात चौकशी करा" एवढी ओळ छापायला काय होतं?

आणखी एक. गुडघा कधी दुखलाच नाही. दाराची घंटा वाजावी, कुणीतरी "आजी, सही करा" म्हणावं, म्हणून दुखत होता. आता घंटा दिवसभर वाजते. दोन्ही पट्टे मुकादमीणबाईला दिले, तिचे गुडघे खरेच दुखतात. तेव्हा पार्सलं बंद कर.

आणि हे शेवटचं. साहेबांचं उत्तर फोनवर नको, येऊन सांग. रिकाम्या हातानं ये. पाकिटातून आलास तर सोलून काढीन.