चिखलातली वीज

प्रिय ताई,

परत कधी येतेस, असं तू पुन्हा विचारलंस. सांगते, पण आधी चिखलाचं ऐक. इथल्या बगळ्यांचंही सांगायचं होतं, ते राहू दे.

खाडीच्या तोंडाशी आमची शेड आहे. समोर पाण्यात एक तरंगतं यंत्र आहे. पाणी किती तापलं, किती खारट झालं ते किनाऱ्यावर कळवतं. त्याची बॅटरी संपली की होडी काढावी लागते. म्हणून मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्या मॅडमनी तळाच्या चिखलात काळ्या पाट्या पुरल्यात, पेन्सिलीत असतं त्याच ग्रॅफाइटच्या. त्या चिखलात हवा नसते. तिथले जंतू कुजलेला पाला, मेलेले किडे खातात आणि त्यातून सुटणारी वीज पाटीला देतात. थेंबभरच, पण साठवली की यंत्र चालतं. मला आधी वाटलं, मॅडम माझी फिरकी घेतायत.

मग मी घोळ घातला. दुसरीकडे हलवायला पाट्या वर काढल्या होत्या. त्यांवर बुळबुळीत थर! आईने आपल्याला भांडी कशी घासायला लावली, तुला ठाऊकच आहे. मी ब्रश घेऊन सगळ्या लख्ख केल्या. मॅडमनी कपाळावर हात मारला. अगं बये, म्हणाल्या, कामाला लावलेले जंतूच घासून टाकलेस की! पाट्या पुन्हा पुरल्या, तर मीटरचा काटा शून्यावर. मॅडमच्या वरचे मोठे साहेब म्हणाले, गुंडाळा आता, बॅटरीच बरी.

माझ्या तोंडून निघून गेलं, मी सांभाळते. मॅडम हसल्या. तू? तुझ्या दोन चपला तरी एका जागी सापडतात का? झोंबलं गं. पण त्यांनीच साहेबांकडून थंडी सरेपर्यंतची मुदत मागून घेतली. विरजण लावलेलं भांडं हलवायचं नसतं, तसंच हे. रोज ओहोटीला गमबूट घालून जाते, चिखलातून वर आलेल्या तारा तपासते, पाट्यांना बोटही लावत नाही. हात शिवशिवतात, ते पाठीमागे बांधून उभी राहते. काल काटा हलला. केसभरच, पण हलला.

तेव्हा भाऊजींनी दुकानात माझ्यासाठी धरून ठेवलेली जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांग. मुदत संपली आणि यंत्र चाललं नाही, तरी मी पुन्हा पाट्या पुरायला लावणार आहे. रागवायचं तर इथे येऊन रागव, न्यायला मात्र येऊ नकोस. आजवर कुठूनही निघताना मी कुणाला सांगितलं नाही. इथे राहतेय, हे मात्र कळवतेय.

तुझीच,
भिंगरी