'खरं खरं' नावाची फाईल

ती. आत्यास,

खुर्चीत बसूनच, पण पाठ दुखेपर्यंत वाकून नमस्कार. लेकीकडचे तीन जिने चढून तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे ठीक. मी ठीक आहे का, हे पुढचं वाचून तूच ठरव.

काल रविवार. चारला नेहमीप्रमाणे तुझा फोन आला, की संगणकावरची अक्षरं एवढी मोठी झालीत की एका शब्दातच पडदा भरतो. मी इथून तुझ्या संगणकाला जोडणी केली आणि आत येऊ का, असं विचारलं (दर वेळी विचारतो, दुसऱ्याच्या संगणकात न विचारता शिरणं मला बरं वाटत नाही). "ये की, चपला काढून ये," म्हणालीस, आणि गाडी दारात उभी आहे, लेकीकडे चालले, शुक्रवारी येईन, असं सांगून निघालीस. अक्षरं मी दोन मिनिटांत लहान केली. इथवर माझ्या हातून काही वावगं घडलं नव्हतं.

मग मी रोजनिशी लिहायला घेतली. आता असं, की तुझा आणि माझा, दोन्ही संगणक मीच लावून दिलेले. दोन्हींवर मागे तोच साधा निळा रंग (डोळ्यांना बरा म्हणून), आणि तुझा पडदा माझ्या पडद्यावर कडेपर्यंत पसरलेला. आपण कुणाच्या घरात बसून लिहितो आहोत याचं भानच राहिलं नाही. दीड पान लिहिलं, फाईलला 'खरं खरं' असं नाव दिलं, ती पडद्याच्या मधोमध ठेवली आणि वीज वाया जाऊ नये म्हणून संगणक बंद केला. बंद केला, तरी माझा संगणक समोर चालूच. त्यावर रोजनिशी नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी बंद केला तो तुझा, आणि तुझ्या घरी कुणी बटण दाबल्याशिवाय मला आता आत शिरता यायचं नाही.

(फोनच करणार होतो, पण तू तो स्पीकरवर ठेवतेस आणि जावईबापू कान देऊन ऐकतात. ईमेल तू त्याच संगणकावर उघडतेस. म्हणून हा कागद. शुक्रवारी कुलूप काढशील तेव्हा दारातच पडलेला असेल.)

तुझा भाचा

ता. क. : बटण दाब, मला फोन कर आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाक. चहा चांगला उकळू दे.

ता. क. २ : तीस वर्षं वर्गात कॉप्या पकडलेली बाई तू, चहा टाकायला जाणार नाहीस. तेव्हा सांगूनच टाकतो. त्यात लिहिलंय, 'आत्या आठवडाभर नाही. सुंठीवाचून खोकला गेला.' लिहिताना ते खरं होतं का, याचा कालपासून विचार करतो आहे. थोडं होतं. साडेपाचपर्यंत. मग करायला काही उरलं नाही.

ता. क. ३ : वाचायची तर फाईल वाच, शिव्याही घाल. पण त्यापायी रविवारचा फोन बंद करू नकोस; चार वाजता मला दुसरं कुणी बोलावत नाही. काही बिघडलेलं नसेल तर तसं सांग, मी इथून बिघडवून देईन.