घडी न मोडलेली चिठ्ठी

शुक्रवार, संध्याकाळ

१. सोमवारी दादाला चिठ्ठी दिली: टायरच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीला A श्रेणी हवी.
२. बुधवारी नवे टायर बसवून आला. म्हणाला, "तुझ्या चिठ्ठीप्रमाणेच घेतले."
३. आज त्याची गाडी घेऊन हवा भरायला, जिथे त्याने टायर बसवले त्याच देवास गेटच्या दुकानात गेले. दुकानदार हसला, "दीदी, भैया ने कौन से टायर लिए, ये आपको बताने से मना किया था. बोले, लेक्चर देगी."

तिथेच त्या टायरचं लेबल पाहिलं. A आहे, पण मायलेजला. पकडीला E. म्हणजे पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी बरीच पुढे जाऊन थांबणार.

त्याला अक्षरं कळली नसतील? मग दुकानदाराला गप्प का केलं? चिठ्ठी डॅशबोर्डच्या खणात होती. मी घातलेली घडी तशीच.

माझ्या इंजिनिअरिंगची थट्टा मी चालवून घेते. पण तोंडावर खोटं? आणि मंगळवारी याच गाडीतून आई तपासणीला इंदूरला जाणार. ती घडी डोळ्यांपुढून हलत नाही.

आत्ता त्याला पाठवलं: "दादा, टायर बदलणार आहेस का? नाहीतर आईला मी नानाखेडा स्टँडवरून बसने नेईन. रविवारपर्यंत कळव."